संध्याकाळपर्यंत सोडतील

शेषाद्री रावांना एका जागी बसवत नसे, हे तंजावूरच्या त्या कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. इतिहास शिकवताना ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत राहायचे, आणि पहिल्या बाकावरची मुलं मान वळवून वळवून दमायची. निवृत्तीनंतर ते चालणं घरात आलं. सकाळी मोपेड काढून ते मोठ्या देवळाला वळसा घालून कालव्यापर्यंत जात. परत येऊन कॉफीचे दोन घोट घेत आणि उरलेली तशीच ठेवून गच्चीवर जात. तिथून खाली येऊन मोडी कागदांची एखादी चळत उघडत आणि पाच मिनिटांत मिटत. चंद्रमती, त्यांची बायको, थंड झालेली कॉफी मोरीत ओतून टाके.

प्राध्यापक होण्याआधी ते पाच वर्षं सैन्यात होते. कॅप्टन म्हणून बाहेर पडले, मग एम. ए. केलं, पीएच. डी. केली आणि तंजावूरच्या मराठी राज्याचा कारभार हा विषय धरून बसले. प्रजासत्ताक दिनाला कॉलेज त्यांना झेंडावंदनाला बोलवायचं आणि चार शब्द सांगा म्हणायचं. ते म्हणत, मी वायरलेसवर होतो, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या फौजेत ते होते, एवढं लोकांना ठाऊक होतं. त्यापुढचं चंद्रमतीलाही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी आडी या तमिळ महिन्यात, जुलैच्या सुमारास, हरिणी त्यांच्याकडे येऊ लागली. ती कॉलेजात संशोधन करत होती. तिचे आईवडील जाफन्याहून निर्वासित म्हणून आले होते आणि तिचा जन्म इकडच्याच एका छावणीतला. तिकडच्या युद्धाच्या काळातल्या चाळीस जणांच्या आठवणी तिनं तमिळमध्ये रेकॉर्ड केल्या होत्या. त्यांचं इंग्रजी भाषांतर नीट झालं आहे का, हे सरांनी तपासावं, एवढंच तिचं मागणं होतं. जुने कागद वाचण्यात आणि शब्दाला शब्द लावण्यात त्यांच्याइतका कडक माणूस तिला दुसरा मिळाला नसता.

सतरावी मुलाखत एका म्हातारीची होती. तिच्या गावात झडती झाली तेव्हा सैनिकांबरोबर आमच्यासारखं तमिळ बोलणारा एक जण होता, असं ती सांगत होती. त्यानं तिच्या नवऱ्याबद्दल म्हटलं, घाबरू नका, लवकर येतील.

शेषाद्रींनी कागद खाली ठेवला. उठून कपाटातून नकाशा काढला, गावाचं नाव शोधलं, मुलाखतीतली तारीख पाहिली. ते गाव त्यांच्या तुकडीचं नव्हतं. त्या महिन्यात ते तिथून पन्नास मैल लांब होते, म्हणजे तो दुभाष्या दुसराच कुणीतरी. खरं तर इथं जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्या दिवसापासून त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. एके सकाळी मुक्तांबाळ छत्र या जुन्या धर्मशाळेतला शिलालेख पाहून येतो म्हणून ते बसनं ओरत्तनाडुला गेले. स्टँडवर उभ्यानं चहा घेतला आणि छत्राकडे न वळता त्याच बसनं परत आले.

पाचव्या दिवशी त्यांनी हरिणीला फोन केला. मुलाखती तपासून झाल्या नाहीत, म्हणाले. आधी रेकॉर्डर घेऊन ये, एक्केचाळिसावी मुलाखत माझी घे.

ती आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. चंद्रमती स्वयंपाकघरात सांबारासाठी शेंगा मोडत होती. शेषाद्री उभ्यानंच बोलू लागले. तमिळमध्ये, सावकाश, तारीख सांगून.

१९८८ चा फेब्रुवारी. ते सव्वीस वर्षांचे होते. त्यांच्या तुकडीत बहुतेकांना हिंदी आणि इंग्रजीच येई, म्हणून वायरलेसवरून काढून त्यांना दुभाष्या म्हणून पाठवलं होतं. ताडांनी वेढलेल्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात चौकशी चालली होती. गावातली बावीस-तेवीस वर्षांची पोरं एका बाजूला बसवली होती आणि त्यांचे आईबाप दुसऱ्या बाजूला रांगेत उभे होते. रांगेत कंदय्या नावाचे म्हातारे शिक्षक होते. त्यांचा मुलगा योगनाथन त्या पोरांत होता.

शेषाद्रींच्या वरचे अधिकारी म्हणाले, याला सांग, मुलाला चौकशीसाठी नेतोय. कधी सोडू ते सांगता येणार नाही. यानं इथं थांबू नये, घरी जावं.

"आणि मी त्यांना म्हणालो," शेषाद्रींनी सांगितलं, "संध्याकाळपर्यंत सोडतील."

हरिणीनं वर पाहिलं. "असं का म्हणालात?"

ते दारापर्यंत जाऊन आले. म्हातारा पुन्हा पुन्हा मुलाकडे बघत होता, म्हणाले. वाईट वाटलं हे खरं. पण मागे तीस माणसं उभी होती, ऊन चढलं होतं आणि त्या माणसानं पुढे काही विचारू नये असं त्यांना वाटत होतं, हे जास्त खरं. कंदय्यांनी तरी एक विचारलंच. तुमचं बोलणं तंजावूरकडचं वाटतं, तिकडचेच का? हो म्हटल्यावर ते हसले. मग तुमच्या शब्दावर थांबतो, म्हणाले.

दुपारी तुकडीला हलायचा हुकूम आला. ट्रक तिठ्यावरून वळला तेव्हा कंदय्या तिथे एका कट्ट्यावर बसले होते, मिटलेली छत्री मांडीवर घेऊन. त्यांनी ट्रककडे पाहून हात वर केला.

"नंतर तुम्ही कधी चौकशी केली नाहीत, सर?"

"नाही."

"का?"

"उत्तर मिळालं असतं म्हणून," शेषाद्री म्हणाले.

हरिणीनं रेकॉर्डर बंद केला. मग तिनं विचारलं, त्या माणसांचा शोध घेऊ का? नकार द्यायला त्यांना एक क्षण मिळाला होता. घे, म्हणाले.

ती गेल्यावर चंद्रमती बाहेर आली. पदराला हात पुसत ती खुर्चीवर बसली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"इतकी वर्षं मज वाटत होतं," ती त्यांच्या घरच्या जुन्या तंजावूरी मराठीत म्हणाली, "तुम्हांस हें घर आवडत नाही. मजजवळ बसवत नाही, म्हणून फिरतां."

हे शेषाद्रींच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले, पण दोन मिनिटांनी पुन्हा उठले. ते कुठे जातात हे पाहायला तिनं या वेळी मान वळवली नाही.

तीन आठवडे गेले. हरिणीनं छावणीतल्या लोकांना विचारलं, त्यांनी तिकडच्या नातेवाइकांना. या दिवसांत शेषाद्रींनी गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या इकडच्या तिकडे केल्या, दोन जुन्या विद्यार्थ्यांवर विनाकारण रागावले आणि कोइमतूरला असलेल्या अखिलाचा, त्यांच्या मुलीचा, फोन दोनदा अर्ध्यात ठेवला. तिनं आईला विचारलं, अण्णांस काय झालें? चंद्रमती म्हणाली, तेच सांगतील.

मग एका रविवारी सकाळी हरिणी मोबाइल हातात धरूनच आली. योगनाथन जिवंत होता. साठीला आलेला, पोस्टातून निवृत्त झालेला, किलिनोच्चीला राहणारा. तो फोनवर होता.

त्याचा आवाज शांत होता. त्यानं आधी शेषाद्रींची तब्येत विचारली. मग सांगितलं की त्याला अकराव्या दिवशी सोडलं. लष्कराच्या छावणीत त्याला भाजी चिरायला बसवलं होतं, मारहाण झाली नाही.

"अप्पा?" शेषाद्रींनी विचारलं.

अप्पा त्या तिठ्यावरून हलले नाहीत, योगनाथन म्हणाला. संचारबंदीची वेळ झाली की शेजारी त्यांना ओढून जवळच्या घरात नेत, उजाडलं की ते पुन्हा जाऊन बसत. घर दोन मैलांवर होतं. तिकडे जाऊन आलो आणि तेवढ्यात मुलगा सुटला तर, म्हणत. जेवण जवळजवळ नाहीच. एक रात्र पावसात भिजले, ताप आला, तो छातीत उतरला. मुलगा परत आल्यानंतर ते नऊ दिवस जगले.

"तुमच्याबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत, ऐया. म्हणायचे, त्या तंजावूरच्या मुलानं शब्द दिला होता, वरच्यांनी त्याचं ऐकलं नसेल. माझी अक्का अजून तसंच म्हणते."

इथं गप्प बसता आलं असतं. हरिणीला सगळं माहीत होतं, पण ती बोलली नसती. शेषाद्री भिंतीला टेकून उभे राहिले.

"वरच्यांनी संध्याकाळ असं काही म्हटलंच नव्हतं," ते म्हणाले. "कधी सोडू ते सांगता येत नाही, तुम्ही घरी जा, असं म्हटलं होतं. संध्याकाळ मी घातली."

पलीकडे योगनाथननं कुणाला तरी पंखा बंद करायला सांगितलं.

"खरं सांगितलं असतंत तर ते घरी गेले असते," योगनाथन मग म्हणाला. "हट्टी नव्हते ते. शिक्षक होते, सांगितलेलं ऐकायचे."

"होय."

"हे लिहून पाठवा. तमिळमध्ये. अक्काला इंग्रजी येत नाही."

शेषाद्रींनी आयुष्यभर इंग्रजीत लिहिलं होतं आणि घरात मराठी बोलले होते. तमिळमध्ये दुकानाच्या यादीपलीकडे त्यांनी फारसं काही लिहिलं नव्हतं. पत्राला सहा दिवस लागले. पहिले दोन खर्डे त्यांनीच फाडले. तिसरा चंद्रमतीच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी तेव्हा लहान होतो आणि माझा हेतू वाईट नव्हता, अशी ती ओळ होती.

"हें कशास?"

त्यांनी कागद घेतला आणि ओळ खोडली. पुन्हा सगळं स्वच्छ लिहून काढलं. एवढंच उरलं: अधिकारी काय म्हणाले, मी काय सांगितलं आणि का. खाली पूर्ण नाव, पत्ता. हरिणीच्या प्रबंधातही आपली मुलाखत नावासकट छापावी, असं त्यांनी तिला सांगितलं. नाव बदलू या, असं ती दोनदा म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. मग ते रजिस्टर पोस्टानं पत्र टाकून आले.

महिन्यानं योगनाथनचा फोन आला. पत्र मिळालं होतं, अक्काला वाचून दाखवलं होतं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग उठून आत गेली.

"काही म्हणाल्या?" शेषाद्रींनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी म्हणाली, अप्पांची तिथी त्यांना कळव. मासी महिन्यातली अमावास्या, फेब्रुवारी-मार्चात येते ती. 'या' म्हणाली नाही. 'कळव' म्हणाली."

"सांगा, लिहून घेतो," शेषाद्री म्हणाले, आणि कागद शोधायला आत गेले.