पितृपक्षातलं दफ्तर

चंद्रहासभाऊंना नियम समजावून सांगायला फार आवडायचं. इथे कुवेतमध्ये गाडीच्या नोंदणीला दफ्तर म्हणतात आणि जुन्या गाडीचं दफ्तर दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं, हे मला त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या हॉलमध्ये पडद्यांची मापं घेत होते आणि भाऊ सोफ्यावर बसून एकेक बोट धरून सांगत होते, "आधी दंड असतील ते भरायचे. मग विमा. मग गाडीची तपासणी. सगळ्यात शेवटी फी. लोक उलटं करतात आणि मग बोंबा मारतात." फी म्हणजे तरी किती? फहाहीलच्या बाजारात त्यात धड दोन किलो सुरमई येत नाही. भरायचीही मोबाइलवर, घरबसल्या. एवढं सगळं ज्याला तोंडपाठ, त्याच माणसाने माझा संसार मोडला.

मी रबिया, हर्णैची. फहाहीलला बायकांचे कपडे शिवायच्या दुकानात काम करते. नवरा यूसुफ एका कंपनीच्या डिलिव्हरी व्हॅनवर होता. लग्न झालं तेव्हापासून तो इकडे आणि मी तिकडे. सुट्टीला यायचा, पाहुण्यासारखा राहायचा, बॅग भरायचा आणि जायचा. मला इथे काम मिळालं तेव्हा कुठे आम्ही एका छताखाली आलो. महबूल्यात एका फ्लॅटमधली एक खोली, स्वयंपाकघर आणखी दोन कुटुंबांत मिळून. पण खोलीच्या दाराला आतून कडी होती आणि ती कडी आमची होती. रात्री ती लावली की यूसुफ म्हणायचा, "बघ, आता लगीन झाला आपला." ही खोली राहावी आणि तिच्यात तो असावा, याहून जास्त मी अल्लाकडे कधी काही मागितलं नाही.

त्याच बिल्डिंगीत वर चंद्रहासभाऊ, त्यांची बायको लीनाताई आणि मुलगी मुक्ता. मूळचे नाशिकचे. भाऊ रिफायनरीत इंजिनिअर, पहाटे कंपनीच्या बसने जाणारे. लीनाताईंकडे लायसन नाही. मुक्ताला शाळेच्या बसमध्ये उलट्या व्हायच्या. आणि यांची पांढरी गाडी दिवसभर खाली धूळ खात उभी. लिफ्टमध्ये आम्हाला मराठीत भांडताना ऐकून लीनाताई हसल्या, ओळख झाली, आणि थोड्याच दिवसांत यूसुफ सकाळी ड्युटीआधी मुक्ताला त्यांच्याच गाडीतून शाळेत सोडू लागला.

पैशांचं लीनाताईंनी एकदा काढलं होतं. यूसुफ कानाला हात लावून म्हणाला, "ताई, पैसे घेतले तर मी ड्रायव्हर झालो. नाय घेतले तर दोस्त." भाऊंनी त्याची पाठ थोपटली. "अरे, आणि साहेब काय म्हणतोस मला? भाऊ म्हण." तेव्हापासून भाऊ. शुक्रवारी गाडीची किल्ली आमच्याकडे असायची. आम्ही समुद्रावर जायचो, यूसुफ काच खाली करून हर्णैच्या गप्पा मारायचा. उकाड्यात काच खाली करणारा माणूस माझ्या नशिबी आला, याचं मला कौतुक वाटायचं.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी मी मशीनवर बसले होते. यूसुफचा फोन आला. "रबिया, घाबरू नको. पोलिसांनी गाडी अडवली. दफ्तर संपलाय गाडीचा. मुक्ता पण आहे माझ्यासंगती. मखफरात नेतायत. भाऊंना घेऊन ये लवकर."

मखफर म्हणजे पोलीस ठाणं. मी लीनाताईंना फोन केला, त्यांनी भाऊंना. भाऊ रिफायनरीतून टॅक्सी करून आले आणि वाटेत आम्हा दोघींना घेतलं. मला वाटलं होतं, विसरले असतील. माणूस विसरतो. मी तसं म्हटलंही. लीनाताई पटकन बोलून गेल्या, "विसरतायत कसले! तारीख यांना महिनाभर आधीपासून ठाऊक होती. पण सासूबाईंचा फोन आला, पक्ष चालू आहे, पंधरवडाभर गाडीचं काही करू नकोस म्हणून. नवा विमा, नवं दफ्तर, म्हणजे नवीनच की. म्हटलं घट बसले की करू."

"लीना," भाऊ म्हणाले. ताई खिडकीबाहेर बघू लागल्या.

आमच्यातही लोक मंगळवार-बुधवार बघतात, मी कुणाच्या पितरांना नावं ठेवत नाही. यांच्या पितरांचा मान राखायचा होता ना, मग गाडी खाली उभी ठेवायची होती. लेकीची एक दिवस शाळा बुडू द्यायची नव्हती, म्हणून दफ्तर संपलेली गाडी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याला एका शब्दाने सांगितलं नाही. माझा राग तिथेच डोक्यात गेला होता. पण गरज माझी होती, म्हणून मी तोंड बंद ठेवलं आणि भाऊंपुढे हात जोडले.

"भाऊ, यूसुफचा अकामा, इथे राहायचा परवाना, कंपनीच्या नावावर आहे. दुसऱ्याकडे काम करतो असं निघालं तर देशाबाहेर काढतील. परत येता येणार नाही. तुम्ही एवढंच सांगा, दोस्त आहे."

"रबिया, हे काय सांगायला हवं?" भाऊ म्हणाले. "दोस्तच आहे तो."

मखफरात यूसुफ भिंतीकडेला उभा होता. कंपनीचा निळा शर्ट, पायात चपला. मुक्ता खुर्चीवर बसून ज्यूस पीत होती, तो तिला अधिकाऱ्यानेच दिला होता. अधिकारी तरुण होता, माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याने भाऊंना बसायला सांगितलं. इंग्रजी मला बोलता येत नाही, समजतं.

"ही मुलगी म्हणते, हा तिचा अंकल. तुमचा कोण?" त्याने विचारलं. वर स्वतःहूनच म्हणाला, "दोस्त असेल तर दंड भरा, दफ्तर करा आणि घरी जा. याला कामावर ठेवलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी."

दार उघडं करून ठेवलं होतं त्याने. भाऊंनी फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"ही इज अ फ्रेंड," भाऊ म्हणाले.

अधिकाऱ्याने यूसुफच्या चपलांकडे पाहिलं, मग भाऊंच्या गळ्यातल्या कंपनीच्या कार्डाकडे. तो जरासा हसला. "तुम्ही इंजिनिअर. आणि दोस्ताला अशी गाडी देता? त्यात स्वतःच्या मुलीला बसवता? दफ्तर संपलेलं तुम्हाला माहीत नव्हतं?"

भाऊंचा चेहरा लाल झाला. आता काय सांगणार? आईने सांगितलं म्हणून? पितर रागावतील म्हणून? आयुष्यभर दुसऱ्यांना नियम शिकवणाऱ्या माणसाला त्या टेबलासमोर अडाणी ठरायचं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि आवाज चढवून म्हणाले, "कागद बघणं याचं काम आहे. ही इज माय ड्रायव्हर."

"भाऊ," यूसुफ म्हणाला. एवढंच.

मुक्ताने तोंडातली स्ट्रॉ काढली. "बट बाबा, यू नेव्हर पे हिम."

खोलीत सगळे तिच्याकडे बघू लागले. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि भाऊंना विचारलं, "पगार देत नाही?" अजूनही दार उघडं होतं. लेकीने उघडलं होतं. पण मघाशी मित्र म्हणाले होते, मग ड्रायव्हर म्हणाले, आता पुन्हा मित्र म्हणायचं तर माणूस खोटा ठरतो. भाऊंना खोटं ठरायचं नव्हतं, म्हणून ते खोटं बोलले.

"देतो. दर महिन्याला. रोख."

मी ओरडले. आधी मराठीत, मग हिंदीत, "साब, झूठ है, एक पैसा नहीं लिया!" कुणीतरी मला मागे ओढलं. त्या लीनाताई होत्या. अधिकारी शांतपणे म्हणाला, गाडीचा मालक स्वतः सांगतोय, मी काय करू? आणि लिहू लागला. भाऊंना दंडावर सोडलं, यूसुफला आत नेलं.

बाहेर आल्यावर भाऊ रुमालाने मान पुसत म्हणाले, "रबिया, समजून घ्या. माझ्यावरच आलं असतं सगळं. मला मुलगी आहे." आम्हाला मूल नाही. तेही त्यांनी हिशेबात धरलं असणार.

यूसुफला परत पाठवायच्या आधी मला बॅग द्यायला जाऊ दिलं. मधे जाळी होती. दाढी वाढली होती, तोच निळा शर्ट अंगात होता. मी भाऊंना शिव्या देत राहिले, तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू काम सोडू नको. एकाने तरी कमवायला हवा. खोलीचा बघ, दुसरी बाई घे पाहिजे तर सोबतीला." निघायची वेळ झाली तेव्हा त्याला काहीतरी आठवलं. "मुक्ताची पाण्याची बाटली गाडीत रायली हाय, मागच्या सीटखाली. सांग त्यांना, नायतर शोधत बसंल पोरगी." मला त्याचा इतका राग आला की मी जाळीवर हात आपटला. बाटलीचं मी कुणाला सांगितलं नाही.

घट बसले त्या दिवशी सकाळी भाऊंनी विमा आणि तपासणी उरकून दफ्तर नवं केलं. आमच्या खिडकीतून खालची गाड्यांची जागा दिसते. भाऊ गाडीजवळ उभे राहून मोबाइलवर बोट फिरवत होते, लीनाताईंनी दिलेला चहा बॉनेटवर ठेवलेला. चहा संपायच्या आत फी भरून झाली असावी, कारण रिकामा कप घेऊन ते हसतच वर गेले. दसऱ्याला गाडी धुतली, पुढे झेंडूची माळ बांधली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. माझ्या खोलीत तोवर केरळची एक नर्स राहायला आली होती. आता कडी ती लावते.

दसऱ्याच्या संध्याकाळी दार वाजलं. लीनाताई होत्या, भरजरी साडी, हातात श्रीखंडाचा डबा आणि वर आपट्याचं पान.

"सोनं घे गं," त्या म्हणाल्या. "रागावली आहेस, मला कळतं. पण सणाला तोंड गोड करावं." मी डबा घेतला. का घेतला माहीत नाही, हात पुढे झाला. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. त्यांना आणखी काही बोलायचं होतं.

"रबिया, एक विचारू? मुक्ताचे फार हाल होतात गं बसमध्ये. तुमच्या ओळखीत कुणी आहे का असा, यूसुफसारखा? विश्वासाचा?" त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "आणि या वेळी काही भीती नाही. हे म्हणालेत, कुणी विचारलं तर मित्र म्हणूनच सांगायचं. आमचं ठरलंय तसं."

माझ्या हातात डबा गार लागत होता. मला वाटलं, तो त्यांच्या साडीवर उपडा करावा. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "आणि गाडीचं दफ्तर?"

लीनाताईंचा चेहरा खुलला. मी हो म्हणाले, असंच त्यांना वाटलं.

"झालं की, घटस्थापनेलाच झालं," त्या म्हणाल्या. "आता वर्षभर कसली काळजी नाही बघ."