बोलावणं
इस्तारी बायकोवेडा आहे, असं गाव त्याला उघड चिडवायचं आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. तळ्यावरून मासे धरून येताना तो साधनासाठी निवडून झिंगे राखायचा. ती त्यातले निम्मे लेकीच्या ताटात सरकवायची. ही लेक झाली त्या बाळंतपणातच साधनाला धाप लागली, ओठ निळे पडले, आणि तिच्या काळजाची झडप खराब असल्याचं कळलं.

सावली गावच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा नवे डॉक्टर आले होते. माणूस भला, पण बोलणं पुण्याकडचं. साधना आत खाटेवर होती, म्हणून त्यांनी नवऱ्यालाच पडवीत गाठलं. दुसरं बाळंतपण हिला सोसणार नाही, जीव जाईल, असं त्यांनी बजावलं. ऑपरेशनही झेपायचं नाही, तेव्हा गर्भ राहू नये म्हणून तांबी बसवू, म्हणाले. इस्तारी मान हलवत राहिला.

"पाळी आली की लगेच घेऊन या," डॉक्टर शेवटी म्हणाले. "उशीर करू नका."

आता पाळी म्हणजे काय, हे इस्तारीला कोणी शिकवायला नको होतं. तळ्यात जाळं टाकायची पाळी असते, धानाला पाणी घ्यायची पाळी असते. ज्याची आली त्याला तळ्याच्या सोसायटीचा माणूस घरी येऊन हाक देतो. बायकांचं जे असतं, त्याला त्याच्या घरात नावच नव्हतं. बाई बाहेर बसली, एवढंच म्हणत, आणि पुरुषांनी तेवढंही म्हणायचं नसे. दवाखान्यात रांग असणार, नंबर लागला की बोलावतील, असं तो धरून चालला. साधनालाही त्यानं तसंच सांगितलं.

ती बिचारी वाट पाहत राहिली. एकदा तिनंच आठवण करून दिली, तेव्हा तो मुद्दाम दवाखान्यात जाऊन आला. आमची पाळी कधी, असं त्यानं दारावरच्या शिपायाला विचारलं. औषधाच्या रांगेनं वैतागलेला शिपाई म्हणाला, गर्दी आहे, थांबा. इस्तारी थांबला. सांगितलेलं निमूट ऐकणाऱ्या माणसाचंच वाटोळं व्हावं, याचा राग काढायचा तरी कोणावर?

बोलावणं आलं नाही, दिवस मात्र गेले. भीतीपोटी साधनानं पोट दिसेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. पुढे एका सकाळी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं, तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दुपारी ती गेली, पोटातलंही गेलं.

डॉक्टर बाहेर येऊन त्याच्याशेजारी बाकावर बसले. "मी सांगितलं होतं ना हो? का नाही आणलंत?"

"तुमचं बलावणंच नाई आलं, सायेब. आमी वाट पाहून राह्यलो होतो."

तेव्हा कुठे डॉक्टरांना उमजलं. बायका महिन्याला बाहेर बसतात, तीच पाळी, असं त्यांनी चाचरत सांगितलं आणि मान खाली घातली.

महिन्याच्या महिन्याला साधना घरामागच्या छपराखाली बसायची. पाण्याचा गडवा आणि ताट तोच दुरून सरकवायचा, आणि ती तिथून त्याच्या स्वयंपाकाला हसायची.

संध्याकाळी साधनाची आई, सुगंधाबाई, आली. लेकीच्या उशाशी बसून रडून रडून तिचा आवाज बसला. मग ती जावयाकडे वळली.

"काऊन गेली माही पोरगी? काय म्हनलं डाक्टरनं?"

इस्तारीनं तोंड उघडलं. सांगायचं तर तो शब्द सासूसमोर उच्चारावा लागणार होता, आणि त्याची जीभ रेटेना.

"नशीब, बाई," तो म्हणाला.

सुगंधाबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमी लय केलं तिच्यासाठी," ती म्हणाली. इस्तारीनं तो हात तसाच फिरू दिला.