बाराव्या चौकोनातला पक्षी

"'टाका बारीक ठेवावा,'" नकाशेवाल्यांनी वहीतलं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "बारीक म्हणजे किती, ते कुठे लिहिलंय? अगं, किती?"

खिडकीपाशी खुर्चीत बसलेली त्यांची बायको गप्पच. नजर बाहेर, उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणी आणून ठेवल्यासारखा.

"बरं, दीडवर ठेवतो," ते म्हणाले आणि मशीनपाशी बसले.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी नळांचे नकाशे काढले. कचेरीनं पाडलेलं नाव गल्लीतही चिकटलं. बायकोला सगळे बाई म्हणत. पुढच्या खोलीत तिनं सव्वीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींना वाकडी शिलाई दिसली की अजून घाम फुटतो म्हणे. घरातही तिचाच आवाज. नकाशेवाले हूं म्हणायचे, आणि तेवढ्यानं संसार झकास चालला होता.

पाच आठवड्यांपूर्वी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला आणि शब्दांची सरमिसळ झाली. दवाखान्यात तिनं पाणी मागायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "कात्री." शेजारच्या खाटेवरची म्हातारी फिसकन हसली. बाईनं तेव्हापासून तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

व्यायाम करवून घ्यायला येणारी ताई दर खेपेला बजावून जायची. "शब्द आहेत आत. वापरले नाहीत तर गंजतील. काका, काहीही करा, पण यांना बोलतं करा."

काकांनी काय करायचं ठेवलं होतं? पेपर वाचून दाखवला, जुन्या गमती सांगितल्या, एकदा तर उगाच भांडणही काढून पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली. लेक परगावी होती, सातवा महिना लागलेला. ती रोज संध्याकाळी फोनवर म्हणायची, "बाबा, आईला द्या ना." फोन पुढे केला की बाई मान फिरवायची. मग तेच सांगत, "झोपलीय गं." लेकीला ते खोटं कळत होतं आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

लेकीच्या बाळासाठी बाई शिवत होती ती गोधडी मात्र अर्धवट पडली होती. बारा चौकोन, प्रत्येकात त्रिकोणी तुकड्यांचा एक पक्षी, सगळे उजवीकडे निघालेले. आठ झाले होते. उरलेले चार आपणच शिवायचे, असं नकाशेवाल्यांनी ठरवलं. आयुष्यात कधी बटण लावलं नव्हतं, पण बाईची क्लासची वही होती.

पद्धत वहीत नीट लिहिलेली होती. चित्र कागदावर रेघांनी काढायचं, तुकड्यांना क्रमांक द्यायचे. कापड कागदामागे लावायचं आणि पुढून थेट रेघेवर शिवायचं. तुकडा रेघेपलीकडे सगळीकडून पाव इंच जायलाच हवा. शंका आली तर उजेडाकडे धरून पाहावं. टाका बारीक, म्हणजे शेवटी कागद सहज फाटतो आणि शिलाई निघत नाही. नकाशेवाल्यांना हे मनापासून पटलं. रेघ सोडायची नाही, एवढंच तर त्यांनी जन्मभर केलं होतं.

आठव्या पक्ष्यावरून मापं घेऊन त्यांनी नववा काढला. दोन दिवस खपून शिवला, इस्त्री केली आणि टेबलावर बाकीच्यांच्या ओळीत मांडला. एकही टोक हललं नव्हतं. स्वारी खूश होऊन मान वळवते, तो बाई खुर्चीतून पुढे वाकलेली.

"उ... उलटा!" ती म्हणाली.

खरंच की! आठ पक्षी उजवीकडे निघालेले आणि नववा त्यांच्यावर चोच रोखून उभा. नळाच्या नकाशात जे काढावं तेच जमिनीत जातं. इथे मागून शिवायचं, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं फिरतं. उजवीकडे निघालेला पक्षी हवा तर कागदावर डावीकडे निघालेला काढायचा. वहीत हे नव्हतं. बाईच्या हाताला ते इतकं सवयीचं होतं, की लिहायचं तिला सुचलंच नसावं.

पण नकाशेवाल्यांना पक्ष्याचं काय पडलं होतं? पाच आठवड्यांनी तिचा आवाज ऐकला होता. ते स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले आणि मनसोक्त रडले.

नववा नव्यानं शिवून झाला. दहाव्याच्या वेळी त्यांनी पहिला तुकडा मुद्दाम आखूड कापला.

"पाव इंच!" खुर्चीतून आवाज आला.

मग इस्त्री न फिरवताच पुढचा तुकडा लावला. "आधी इस्त्री. आधी!" टाका मोठा ठेवला. "उसवेल हो, कागदाबरोबर उसवेल." बाईला बोलायचं नव्हतं, पण समोर चूक दिसल्यावर गप्प बसणं सव्वीस वर्षांच्या सवयीला जमेना. ज्यांच्या एका रेघेवर साहेबांनी कधी बोट ठेवलं नव्हतं, ते नकाशेवाले रोज सकाळी ठरवून एक चूक करत होते. जिवावर यायचं. पण त्या चुकीच्या बदल्यात चार शब्द मिळत होते. फोनपाशी मात्र ती अजून मान फिरवायचीच.

अकराव्या पक्ष्याच्या शेपटीला त्यांनी पुन्हा आखूड तुकडा लावला. बाईनं तुकडा पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"मुद्दाम," ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम करता."

"छे, छे. हात चुकला."

"मी लहान... लहान नाही." तिचे डोळे भरून आले. "खोटं नको."

त्यानंतर दोन दिवस अवाक्षर नाही. नकाशेवाल्यांनी शेपटी उसवून नीट लावली, पण मनातून ते पार खचले. तिचं मास्तरपण आपण खेळण्यासारखं तिच्या हातात दिलं, आणि ते खेळणं आहे हे तिला कळणार नाही, असं आपण धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी ते तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. "चुकलो गं. तुझा आवाज ऐकू यायचा म्हणून केलं. घर खायला उठतं. आता हा शेवटचा मी खरा शिवणार, माझ्या परीनं."

तिनं खुर्ची टेबलाकडे वळवून घेतली.

लेक शुक्रवारी येणार होती. बाराव्या पक्ष्यासाठी नकाशेवाल्यांनी कपाटातून कचेरीच्या वेळचा पारदर्शक कागद काढला. त्यावर त्यांचा जीव. डावीकडे निघालेला पक्षी केसभरही न चुकता काढला. शिवायला बसले आणि जगाला विसरले. पहिला तुकडा लावला, तेव्हा बाईचा डावा हात खुर्चीवरून उठला, हवेत थांबला आणि परत खाली गेला. त्यांनी ते पाहिलंही नाही.

दुपारी चौकोन पुरा झाला. इस्त्री करून त्यांनी तो उलटवला आणि तसेच उभे राहिले. त्या कागदावर रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. कापड भलत्या बाजूला लागलं होतं. पक्षी डावीकडे.

"शप्पथ सांगतो, या वेळी मुद्दाम नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. खरी चूक."

"दिसलं होतं तुला? मग बोलली का नाहीस?"

"छान चाललं होतं. तुमचं... रेघेवर."

ते टाके उसवायला घेणार, तर तिनं चौकोनावर हात ठेवला. "नको. राहू दे."

शुक्रवारी लेक आली तेव्हा बाराही चौकोन जोडून टेबलावर पसरले होते. कागद अजून काढायचे होते. ती आईच्या गळ्यात पडली. बाईनं तिची पाठ थोपटली, पण ओठ घट्ट. लेकीनं डोळे पुसले, गोधडीवरून हात फिरवला आणि बापाला विचारलं, "बाबा, हा एकच उलटा का?"

नकाशेवाल्यांनी गुन्हा कबूल करायला तोंड उघडलं.

"ती होडी..." बाई म्हणाली.

लेक खाली पाहू लागली. बाईचे कान लाल झाले. संपलं, नकाशेवाल्यांना वाटलं. आता पुन्हा कुलूप.

बाईनं डोळे मिटले. "होडी नाही," ती म्हणाली. "थांब. उसवते." रस्त्यावरून एक सायकल गेली. "पक्षी. तुझ्या बाबांनी शिवलाय. मी शिकवलं."

"तू शिकवून उलटा?" लेकीनं विचारलं.

"विद्यार्थी मठ्ठ," बाई म्हणाली.

लेक हसता हसता रडायला लागली. चौतीस वर्षं साहेबांनी वाखाणलेल्या माणसाला असा बहुमान कधी मिळाला नव्हता. त्यांनी गोधडी उलटी करून बाईच्या मांडीवर ओढली. लेक मदतीला पुढे झाली.

"तू बैस," बाई म्हणाली.

नकाशेवाल्यांनी शिलाईवर अंगठा दाबून धरला. बाईनं डाव्या हाताच्या चिमटीत कागदाचं टोक पकडलं आणि हळूच ओढलं. कागद रेघेवर सरळ फाटत गेला. तिनं तो बाजूला ठेवला आणि पुढच्या रेघेकडे बोट दाखवलं.