चिकाचे डाग

केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. संध्याकाळपर्यंत तांबूस होतो आणि पहिल्या धुण्यात काळा पडतो. मग कापड फाटतं, पण डाग जात नाही. आमच्या ब्राह्मणपुरीत केळीवाल्याचं घर ओळखायला दोरीवरचे कपडे बघितले की पुरतं.

माझ्या मुलीने, रंजिताने, या डागावर पीएच.डी. केली. विषयाचं खरं नाव मोठं आहे, ते मला अजून एका दमात म्हणता येत नाही. गोष्ट अशी की केळीच्या खोडापासून धागा निघतो, पण चिकामुळे तो तपकिरी असतो. तो पांढरा करायला कारखान्यात उकळतं पाणी आणि ब्लीच लागतं, आणि ते पाणी मग कुठल्या तरी नदीत जातं. रंजिता त्याऐवजी एन्झाइम तयार करत होती. पपईच्या चिकाने मटण लवकर शिजतं, ते एन्झाइममुळे. तसंच एक घ्यायचं, त्याची घडण बदलायची आणि कोमट पाण्यात त्याच्याकडून केळीच्या चिकाचा रंग काढून घ्यायचा.

हे मला इतकं पाठ आहे त्याचं कारण पीएच.डी.वाल्यांचं प्रशिक्षण. त्यात कारखान्यात राहून काम शिकायचं होतं, यंत्रं शिकायची होती, आणि आपलं काम अडाणी माणसाला तीन मिनिटांत समजावून सांगायलाही शिकायचं होतं. अडाणी माणसं तिच्याकडे घरचीच होती. सुट्टीत आली की मला आणि तिच्या आईला, जसोदाला, ओट्यावर बसवून ती सराव करायची.

जसोदाने पहिल्यांदा सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग धुनं धुवाले शिकी ऱ्हायनी तू. त्यानाकरता पुन्याले कसाले गई व बई?"

तेव्हापासून दर फोनला जसोदाचा एकच प्रश्न असायचा, डाग निघाला का. "डाग निंघना का?"

"अजून नही, माय."

"मंग जेवन कर आनि झोप."

मागच्या उन्हाळ्यात जसोदा गेली. ताप आला, शहाद्याला नेली, तिथून धुळ्याला नेली आणि धुळ्याहून परत आणली. त्यानंतर फोनवर डागाचं कोणी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, पण मग आम्हा दोघांनाही पुढे बोलता आलं नसतं.

दिवाळीनंतर रंजिता एका दिवसासाठी घरी आली. एन्झाइम ताज्या डागावर थोडं काम करू लागलं होतं. पण तिचे सर म्हणाले होते की प्रयोगशाळेत पाडलेला डाग हा काही डाग नव्हे. खरा, जुना, उन्हातला डाग घेऊन या. तो निघाला तर प्रबंध पूर्ण, नाही तर आणखी एक वर्ष. शिष्यवृत्ती तर संपलीच होती.

"अप्पा, तुम्हना शेतना जुना कपडा द्या. जितला डाग तितला चांगला."

माझे कपडे कोणी विद्यापीठात मागवील असं मला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. मी ऐटीत म्हणालो, "खुटीवर शेतस. पाहिजे तितला लई जाय." आणि विहिरीवरच्या मोटारीचं काम होतं म्हणून शहाद्याला निघून गेलो.

मी घरातल्या खुंटीबद्दल बोललो होतो. रंजिताने घरातली खुंटी रिकामी केली आणि मग मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीतलीही केली. मी परत आलो तेव्हा तिची गाडी गेलेली होती. मळ्यात गेलो तर खिळ्यावर काही नव्हतं.

आमच्याकडे बायका शेतात जाताना लुगड्यावरून नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. ऊन लागत नाही, चीक अंगाला लागत नाही. माझा लग्नकार्यातला पांढरा शर्ट कॉलर झिजल्यावर जसोदाने घेतला होता आणि बारा महिने तोच घालायची. पण खिळ्यावर टांगलेला शर्ट म्हणजे पुरुषाचाच शर्ट. बारावीपासून वसतिगृहात राहिलेल्या मुलीला त्यात आई दिसावी कशी?

मला दिसायची. केळफूल कापताना डोक्यावरून ओघळलेला चीक दोन्ही खांद्यांवर होता. विळा उजव्या हातात असायचा, म्हणून डावा हात ती कमरेला पुसायची. तिथे चार बोटं उमटली होती. अंगठा नव्हता. मी संध्याकाळी तिथे जाऊन बसत होतो, एवढंच. कोणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फोन करायला मला लवकर धीर झाला नाही. शर्ट परत पाठव, त्यावर तुझ्या आईचे डाग आहेत, हे शिकलेल्या मुलीला कसं सांगायचं? शेवटी एकदा सकाळी केला. मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "अप्पा, निंघना."

"काय निंघना?"

"डाग. तुम्हना पांढरा शर्ट व्हता ना, तोच मी पहिले टाका. त्यानावरच सगळास्मा जुना डाग व्हता." पुढे ती शहरी मराठीत गेली, कामाचं बोलताना तसंच होतं तिचं. "सर म्हणाले तुकडा कापू नका, कारखान्यात टाकतात तसा पूर्ण कपडा टाका. एकही डाग राहिला नाही, अप्पा." मग ती परत आमच्या बोलीवर आली. "माय ऱ्हायती ते..."

मी म्हणालो, "मंग जेवन कर आनि झोप."

सकाळचे अकरा वाजले होते.

पुढच्या खेपेला ती शर्ट इस्त्री करून, कागदात गुंडाळून घेऊन आली. तेव्हा ओट्यावर तापीबाई बसली होती. ती आणि जसोदा जोडीने केळीत काम करायच्या. तिने शर्ट उलगडला, फिरवून बघितला.

"हाऊ ते जसोदाना शर्ट शे. कोनी धुया व इतला?"

"मी," रंजिता म्हणाली.

"पाच वरीसमां येक शर्ट? जसोदा ते रोज धुये," असं म्हणून तापीबाई हसली, आणि माझ्याकडे बघून तिने शर्ट परत कागदावर ठेवला.

रंजिताने शर्ट हातात घेतला. खालची एक गुंडी लाल दोऱ्याने शिवलेली होती. पांढरा दोरा शोधायला जसोदाला कधी वेळ नसायचा. तो दोरा लालच राहिला होता. एन्झाइमला फक्त चीक ओळखायला शिकवलं होतं.

"अप्पा, तुम्ही सांगं नही."

"तू इचारं नही."

कमरेजवळ जसोदाची चार बोटं कुठे उमटली होती ते मी तिला दाखवलं. ती बराच वेळ दोऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी प्रबंधातून हा शर्ट काढते. दुसरे कपडे आहेत."

"त्यास्ना डाग निंघना का?"

"थोडा थोडा."

"मंग हाऊच ऱ्हाऊ दे. डाग निंघना का म्हनीसन तुन्ही मायच इचारे. आते निंघना, ते लपाडी कसाले ठेवस?"

प्रबंधावरच्या तिच्या खुल्या तोंडी परीक्षेला मी तोच शर्ट घालून गेलो. दुसरा पांढरा शर्ट माझ्याकडे नव्हता. पडद्यावर त्याच शर्टाचे दोन फोटो होते, एक आधीचा आणि एक नंतरचा. आधीच्या फोटोत डाव्या बाजूची चार बोटं हाताएवढी मोठी नव्हे, माणसाएवढी मोठी दिसत होती. त्यांच्याखाली आकडे होते. ती बोटं आहेत हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "या प्रक्रियेत कापडाचं काही नुकसान झालं का? डागाबरोबर आणखी काही गेलं?"

रंजिताकडे उत्तर तयार होतं. कापडाचं आधीचं आणि नंतरचं वजन, ताण किती सोसतो ते, सगळं तिने आदल्या दिवशी मला म्हणून दाखवलं होतं. पण तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

"सर," ती म्हणाली, "मोजता आलं तेवढ्यात तरी काही नाही."

परीक्षक खूश झाले. शास्त्रज्ञाने असंच जपून बोलावं, असं ते सगळ्यांना म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चहाच्या वेळी तिचे सर माझ्याजवळ आले. माझी बाही दोन बोटांत धरून कापड चोळून बघितलं आणि म्हणाले, "बघा, नवीन शर्ट आणि हा, काही फरक सांगता येईल?"

मी म्हणालो, "नाही हो."