आसरांतली आठवी

आमच्या तलवाड्याच्या रानातल्या जुन्या विहिरीवर आठ आसरा होत्या. आसरा सातच असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी त्या. त्यांना दहीभात लागतो, हिरव्या बांगड्या लागतात, आणि विसरलं की रुसतात. आठवी माझ्या थोरल्या जावेने, भिवराअक्कांनी, मांडली होती. ती त्यांची तेजू.

तेजू नऊ वर्षांची असताना त्या विहिरीत पाय घसरून गेली. गाव म्हणालं, आसरांनी नेली, त्यांना लेकी आवडतात. मला असा संताप आला होता की ते सातही दगड उचलून पाण्यात फेकावेत. अक्का मात्र दिवसकार्य झाल्यावर ओढ्यातून वांग्याएवढा एक दगड घेऊन आल्या, त्याला शेंदूर लावला आणि सातांच्या ओळीत शेवटी ठेवला. म्हणाल्या, “एकटी न्हाई आता ती. सात मावशा हायत तिला.” तेव्हापासून दर अवसेला सातांना मोठ्या बांगड्या आणि आठवीला लहान. तेजू असती तर आज लग्नाची झाली असती, पण बांगडीचं माप अक्कांनी वाढवलं नाही.

मी यातलं निम्मं मानते. कुठलं निम्मं ते विचारू नका, दर अवसेला बदलतं.

अक्कांचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर मोहनराव, यातलं काहीच बोलत नसत. तेजूचं नावच त्यांनी त्या दिवसापासून घेतलं नव्हतं. अक्कांनी काढलं की उठून गोठ्यात जायचे. भाषणाला उभे राहिले की खाली न बसणारा माणूस, आणि हे एक नाव त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. अक्कांचं खरं दुखणं ते होतं. मला एकदा म्हणाल्या होत्या, “आई रडती ते लेकराला ऐकू जातंय गं. पण बाप नावच घेत न्हाई म्हणल्यावर तिला वाटत आसंल, बाबा रागावलेत.”

यंदा वरच्या पट्टीत नवी विहीर झाली, पाणी चांगलं लागलं, आणि मोहनरावांनी जुनी बुजवायची ठरवली. कठडा ढासळलेला, उन्हाळ्यात एक वासरू पडता पडता वाचलेलं. कारण रास्त होतं. अक्का भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आसरांना आदी नव्या हिरीवर न्या. मग काय करायचं ते करा.”

त्याची रीत आहे. घरधन्याने दगडांपुढे उभं राहून हाक मारायची, चला म्हणायचं. हाक मारल्याशिवाय त्या हलत नाहीत. मग दगड पाटीत घ्यायचे, जुन्या विहिरीचं पाणी कळशीत घ्यायचं आणि मागे न फिरता नव्या पाण्यावर जायचं. गावात ही रीत सटवाबाबांना ठाऊक, म्हणून त्यांना बोलावलं.

मी आणि अक्का नैवेद्य घेऊन नव्या विहिरीवर थांबलो होतो. सटवाबाबा पाटी घेऊन आले, मागे मोहनराव कळशी घेऊन. अक्कांनी दगड मांडायला घेतले. सातवा मांडला आणि पाटीत हात फिरवत राहिल्या. पाटी रिकामी होती.

“आठवी कुठंय?”

सटवाबाबा म्हणाले, “आठवी कोण, बाई? आसरा सातच की. मालकांनी ‘साती आसरांनो, चला’ म्हणून हाक मारली, म्या सात उचलल्या.”

“कडंला बारकी हुती न्हवं?”

“हुता एक दगड. मला वाटलं, पोरासोरांनी ठिवला आसंल.”

अक्का नवऱ्याकडे बघत राहिल्या. मोहनराव कळशीतल्या पाण्याकडे बघत होते. खालून जेसीबीचा आवाज सुरू झाला होता. नैवेद्य होईपर्यंत थांब, एवढंही जेसीबीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या दिरापुढे मी एरवी पदर सावरून बोलते, पण माझं डोकंच फिरलं.

“भावजी, सात परक्या पोरींना हाक मारली तुमी. पोटच्या पोरीला मारायला दातखीळ बसलती व्हय?”

त्यांनी कळशी माझ्या हातात दिली आणि पळत सुटले. “मालक, मागं फिरू नगा!” सटवाबाबा ओरडले, पण ऐकतो कोण. साठी ओलांडलेला माणूस ढेकळांतून पळत होता आणि आम्ही त्यांच्या मागे.

यंत्राने विहिरीचा काठ आत लोटायला घेतला होता. माती, मुरूम, दगड सगळं एक झालेलं. मोहनरावांनी जेसीबी थांबवला आणि गुडघ्यांवर बसून हातांनी ढिगारा उकरायला लागले. दगड उचलायचे, पुसायचे, टाकायचे. तोंडाने काहीतरी चाललं होतं, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. “तेजू. ए तेजू. चल गं बाळा. कुठं बसलीस? चल माझ्यासंगं.”

जेसीबीवाल्याने खाली उतरून टोपी काढली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

शेवटी त्यांनी एक दगड छातीशी धरला. “घावली,” म्हणाले.

मी पाहिला. वांग्याएवढा होता खरा. पण तेजूच्या दगडावर आडवी पांढरी रेघ होती. अक्कांबरोबर इतक्या अवसांना मी तो धुतला होता. याच्यावर रेघ नव्हती, शेंदराचा ठिपकाही नव्हता. माझ्या जिभेच्या टोकावर आलं, आणि माझ्या जिभेवर आलेलं सहसा आत राहत नाही. पण अक्का पुढे झाल्या. पदराने दगड पुसला आणि म्हणाल्या, “हीच.” मी जीभ चावली.

मोहनरावांनी तो दोन्ही हातांत धरून नव्या विहिरीवर नेला. या खेपेला मागे बघितलं नाही. ओळीत शेवटी ठेवला आणि लहान बांगड्या स्वतः पुढे मांडल्या. सटवाबाबांनी माझ्याकडून कळशी घेतली आणि पाणी विहिरीत ओतलं.

परतताना मोहनराव पुढे निघून गेले होते. अक्का रिकामी पाटी काखेत घेऊन माझ्या शेजारी चालत होत्या.

“मंगल, ती न्हवती गं.”

“मला ठावं हाय. मग घेतली कावून?”

“बापानं हाक मारली न्हवं,” अक्का म्हणाल्या. “आता ती जितं आसंल तितनं यील.”