शिल्लक दोन पिशव्या

दौलतसिंगांना वेबसाइटचे पान झटकन उघडलेले हवे होते. जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांचा साठा दाखवणारी त्यांची साइट, उद्घाटनाला पाहुणे येणार, आणि पान उघडेपर्यंत चहा निवायचा. त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या फय्याजने तोड काढली. साइटच्या जावा प्रोग्रामने दरवेळी डेटाबेसला विचारायचे नाही. एकदा विचारून उत्तराची नक्कल मेमरीत ठेवायची आणि तीच सगळ्यांना दाखवायची. या नकलेला कॅश म्हणतात. तिची मुदत मिनिटभराची होती. ती संपली की ताजा आकडा आणताना पान अडखळे, म्हणून फय्याजने मुदतच काढून टाकली; आता एकदा आणलेला आकडाच दिसत राहणार होता.

"अन् मुदत परत कवा लावशीन?" शेजारच्या टेबलावरची सुकेशनी म्हणाली. "रक्तपेढीवाले जुन्या प्रोग्राममधून थेट डेटाबेसात नोंद करतात. तुह्या कॅशले पत्ताही लागणार नाही."

"कार्यक्रम तं होऊ दे. कायले डोकं खाऊन राह्यली?"

कार्यक्रम झाला. नारळ फुटला, हार पडले, पान झटकन उघडले. दौलतसिंगांनी पाठ थोपटली आणि ती शाबासकी फय्याजच्या डोक्यात अशी गेली की मुदत राहूनच गेली. असल्या हुशारीची मला चीड येते.

त्याच आठवड्यात त्याची बहीण सरवरी रिसोडच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, पण सरवरीचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी ओ निगेटिव्ह रक्त आणायला सांगितले. अकोल्याला ते आहे, हे फोनवर विचारून तिचा नवरा जुनैद तिच्या रक्ताचा नमुना घेऊन जीपमध्ये बसलाही. फय्याजने दंड धरून त्याला खाली ओढले.

"अकोला कायले? वाशिम जवळ आहे. दोन पिशव्या दिसून राह्यल्या तिथं."

"फोन तरी करून पाहू, भाईजान."

"मी बनवलं हे. माह्यावर भरोसा नाही का तुले?"

जुनैद वाशिमला गेला. फय्याज बहिणीच्या उशाशी बसला आणि तिला मोबाइलवर ते पान दाखवत राहिला. "हे पाय, दोन पिशव्या. जुनैद आणूनच राह्यला." सरवरी हसली सुद्धा.

वाशिमच्या रक्तपेढीच्या खिडकीतल्या बाईंनी डेटाबेस उघडला. दोन्ही पिशव्या आदल्याच दिवशी गेल्या होत्या. नोंद चोख होती. जुनैद तसाच अकोल्याकडे धावला. तो वाटेत असतानाच सरवरी गेली. फय्याजच्या मोबाइलवर तेव्हाही दोन पिशव्या शिल्लक होत्या.

दफन करून सगळे घरी आले. मुलीचे नाव लायबा ठेवले होते. फय्याज रडत रडत तिला घ्यायला पुढे झाला. जुनैदने त्याला अडवले नाही, उलट स्वतःच ती त्याच्या हातात दिली.

"घ्या, भाईजान. खेळवा," तो म्हणाला. "फक्त मोठी झाल्यावर इची माय कशी मेली, ते इले मी नाही सांगणार. तुमीच सांगा."