आत्ताच घेऊन आले

गॅसचं कनेक्शन मिळावं तशी कांताबाईंना मैत्रीण मिळाली, संस्थेमार्फत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा गप्पा मारायला कुणीतरी पाठवणारी ही संस्था परळची. मुलगा गौतम नोकरीपायी हैदराबादला, त्यानेच तिथून आईचं नाव घातलं. कांताबाई कडाडल्या, "गप्पा मारायला संस्थेचं माणूस? चाळीत गप्पा थांबवायला माणूस मिळत नव्हता!"

खोटं नव्हतं ते. डिलाईल रोडच्या चाळीत दिवसा दार लावलं की शेजारी विचारायला यायचे, कुणी आजारी आहे का म्हणून. एका घरात सुकट भाजली की अख्ख्या गॅलरीला भूक लागायची. आता त्याच जागी उंच इमारत उभी राहिली होती. लिफ्ट होती, चोवीस तास पाणी होतं, आणि समोरच्या दारामागे कोण राहतं हे कांताबाईंना माहीत नव्हतं.

तर दर बुधवारी वैशाली यायला लागली. दादरची, बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली, हसरी बाई. कांताबाईंचा विरोध काही टिकला नाही. मिलमधल्या वाइंडिंग खात्याच्या आठवणी निघाल्या की त्यांचे हात आपसूक सुताचं टोक शोधायला लागत. पहाटेचा भोंगा, केसांत बसणारा कापूस, पगाराच्या दिवशी गेटवर मिळणारी गरम भजी, सगळं वैशालीने ऐकलं, खोदून खोदून विचारलं. मंगळवारपासूनच कांताबाई ठरवून ठेवत, उद्या काय सांगायचं ते.

एकच कुसळ सलत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी आणलं, तेव्हा वैशालीची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोवर गेली. मग ती गोड हसून म्हणाली, "नको मावशी, आत्ताच घेऊन आले." पुढच्या बुधवारी चहालाही तेच. त्याच्या पुढच्या वेळी बेसनाच्या लाडवालाही तेच. स्वतःच्या बाटलीतलं पाणी मात्र ती घटाघटा प्यायची.

हे वाक्य कांताबाईंच्या फार जुन्या ओळखीचं. शेजारच्या मशीनवरची गंगुबाई, सावंतवाडीकडची मराठ्याची बाई, हेच म्हणायची. दिवसभर मस्करी करायची, एकमेकींचं सूत जोडून द्यायची, पण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात. अशी डझनभर वर्षं गेली. मग संप झाला आणि चुली थंडावल्या. एका दुपारी गंगुबाई दारात येऊन उभी राहिली. "कांता, माका भूक लागली हा. काय आसा तर दी." घरात पेज होती. मोरीच्या कडेला बसून ती पेज प्यायली आणि रडली. त्यानंतर ती गावाला जाईपर्यंत दोघींच्या ताटातलं माझं-तुझं कधी कळलं नाही. पुढे ती गावीच वारली. कांताबाईंच्या साऱ्या आयुष्यात तिच्याइतकं जवळचं कुणी झालं नाही.

दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, त्यात कांताबाईंचं काय चुकलं? या वैशालीलाही लागतील डझनभर वर्षं, त्या स्वतःशी म्हणायच्या. आणि आपल्याकडे तेवढी उरलीत कुठं?

त्या बुधवारी त्यांनी मुद्दाम चहा आलं घालून उकळला. कप पुढे केला.

"नको मावशी, आत्ताच..."

"बाई," कांताबाईंनी कप खाली ठेवला. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "पुढच्या बुधवारपासून तुम्ही येऊ नका."

"मावशी! माझं काही चुकलं का?"

"चुकलं कुठं? रीतीप्रमाणेच वागलात. पण मी म्हातारी झाले, आता हे नाही सोसवत. माझ्या घरचं पाणी चालत नसेल, तर माझ्या गोष्टी तरी कशाला ऐकता?"

वैशालीची नजर भिंतीकडे गेली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, नाही हो! संस्थेचा नियम आहे. कुणाच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही. त्यांना तोशीस नको म्हणून. आणि वर असंही सांगितलंय, की नियम आहे म्हणू नका, त्यांना वाईट वाटतं. आत्ताच घेऊन आले म्हणा."

"हे शिकवलं तुम्हाला?"

"शिकवलं. आणि मी शहाणी, तेच पोपटासारखं बोलत राहिले. तुम्हाला कसं ऐकू येत असेल, हा विचारच नाही केला मी." तिचे डोळे भरून आले.

कांताबाईंचा राग उतरला होता, पण गंमत अशी की त्याने बरं वाटेना. नियम तो नियम. ही बाई पुढेही येईल, गोड बोलेल आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिऊन जाईल.

वैशालीने पर्समधून फोन काढून संस्थेत लावला. "अक्षदा, वैशाली बोलतेय. माझं नाव कमी कर गं यादीतून. हो, आजपासूनच. कारण? घरगुती आहे."

कांताबाई घाईने पुढे झाल्या. आपल्याच जिभेने आपलं माणूस घालवलं! "अगं, मग बुधवारी कोण येणार?"

"पाठवतील दुसऱ्या कुणाला. तिला नियमाने वागू द्या, रागावू नका." वैशालीने कप उचलला आणि गार होत आलेला चहा एका दमात संपवला. "मी शुक्रवारी येईन. मला आता कुणी पाठवत नाही, मावशी. आज जेवायला काय केलंय?"

"सुकट हाय. चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

कांताबाई ओट्याकडे वळल्या, डोळे पदराला पुसत. परातीत पीठ घेतलं. पण दोघींपुरतं किती घ्यायचं, हा अंदाजच हाताचा गेला होता. आधी पाणी जास्त झालं, म्हणून पीठ घातलं; मग पीठ कोरडं लागलं, म्हणून पुन्हा पाणी. वैशाली शेजारी उभी राहून हसत होती, आणि त्याही हसत होत्या. शेवटी चार माणसांच्या भाकऱ्या झाल्या. दोघी पोटभर जेवल्या, आणि उरलेल्या वैशालीने कागदात बांधून घरी नेल्या.